मिलमधल्या मुलींसाठी मी दिलेला आवाज

वंदना, उजवा पाय सांगायचा होता, मी डावा सांगितला. पायल पडली ती त्यामुळे.

एवढंच बोलायचं होतं. तू होतीस तोवर कितीदा तरी ते तोंडाशी आलं आणि दर वेळी मी चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून, बस पकडून परत आलो. आता तुला जाऊन महिनाही झाला नाही आणि मी लिहायला बसलो आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आता लिहून काय करतं? तवा तोंड नव्हतं का तुले?" होतं. तोंडही होतं, आवाजही होता. चूक त्या आवाजातच होती.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. मास्तर माणूस, मधूनच सुरुवात करता येत नाही.

कामठ्याच्या शाळेत आपण एका वर्गात होतो. तुमचा मोहल्ला तलावाच्या पाळीपलीकडे, आमचं घर अलीकडे. शाळेमागच्या चिंचेवर तू चढायचीस आणि मी खाली तुझं दप्तर धरून उभा राहायचो. गुरुजी दिसले की खोकायचं, एवढंच माझं काम. पुढे गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी मला शहरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. तू अमरावतीला शारीरिक शिक्षणाचा कोर्स केलास, दोरीचा मल्लखांब शिकलीस, इथेतिथे कंत्राटी कामं केलीस आणि काही वर्षांनी पी.टी.ची शिक्षिका म्हणून आमच्याच शाळेत आलीस. तेही कंत्राटावरच. पहिल्या दिवशी स्टाफरूमच्या दारातून ओरडलीस, "अरे हेमराज! तू इथं मास्तर होऊन रायला?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्या शाळेत मला नुसत्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. घरीही नव्हतं. आई-बाबा गेलेले, लग्न झालेलं नाही, फुलचूरला दोन खोल्या आणि एक रेडिओ. त्या दिवशी घरी गेल्यावर तुझी ती हाक कितीतरी वेळ कानात राहिली, हे मी तुला सांगितलं नव्हतं. असं काय काय सांगायचं राहिलं.

मग ते टीव्हीवरचं. नाचाच्या कुठल्याशा स्पर्धेत एक मुलगी छतापासून सोडलेल्या लांब कपड्यावर चढली, तो कमरेला, पायाला गुंडाळला, दोन्ही हात सोडले आणि तशीच हवेत फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू माझ्या टेबलावर डबा आपटलास.

"काल पाह्यलं का?"

"काय?"

"ते कपड्यावरचं. हेमराज, अर्धं तं मले येतेच. दोरीवरचंच आहे सारं, फक्त दोरीच्या जागी कपडा."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते तू शिकवशीन."

मी हसलो. शाळेचा जिना चढताना मला दम लागायचा.

"हसतं काऊन? इंटरनेटवर सारं आहे म्हणते, पण इंग्रजीत आहे. तू आयक अन मले सांग. एवढं इंग्रजी शिकला तं कोणाच्या कामी येऊ दे."

फुलचूरच्या पुढची बंद पडलेली राइस मिल तूच शोधलीस. उंच टिनाचं छत, त्याखाली लोखंडी तुळया. मालक शेठ म्हणाले, "मॅडमजी, मेरी मिल में सर्कस खोलोगे क्या?" तू म्हणालीस, "सर्कस नहीं सेठजी, झूला. बंद मिल में चूहे नाचते हैं, उससे तो लडकियाँ अच्छी." शेठ इतके हसले की चावी देऊनच टाकली.

कपडा मात्र मिळेना. साडी तू स्वतः लोंबकळून फाडून पाहिलीस. शेवटी लग्नाच्या मांडवाला छत म्हणून ताणून बांधतात, तो जाड, ताण खाणारा कपडा मंडपवाल्याकडून आणलास. तुळईला बांधल्यावर त्यावर पहिल्यांदा माणूस चढू दिलं नाहीस. धानाची भरलेली पोती टांगलीस आणि ती तशीच लोंबत ठेवलीस. चौकीदार रोज येऊन वर बघायचा आणि विचारायचा, "मॅडम, धान वाळवून रायल्या का?" कपडा टिकतो, गाठ सरकत नाही याची खात्री झाल्यावरच पोती उतरवलीस. मग खाली भुशाची पोती पसरली. त्या भुशाने सगळ्यांच्या अंगाला खाज सुटायची, पण दुसरी गादी आपल्याकडे नव्हती.

माझं पहिलं काम मी कागदावर करून आणलं. सायबर कॅफेत बसून कपड्यावरचं इंग्रजीतून शिकवणाऱ्या एका बाईचा व्हिडिओ पाहिला, थांबत थांबत चालणारा, आणि तो सुवाच्य अक्षरात मराठीत उतरवला. तू कागद हातात घेतलास, वर कपड्याकडे पाहिलंस, परत कागदाकडे पाहिलंस.

"वर चढलेल्या पोट्टीनं हे कोणत्या हातानं धरायचं?"

म्हणून मग मोबाइलमध्ये आवाज भरायचं ठरलं. मोबाइल खाली पोत्यावर ठेवायचा, तो बोलेल आणि आपल्या शाळेतल्या मुली वर ऐकून करतील. मी घरी खिडक्या लावून भरलं: "आता उजवे पाऊल वस्त्राभोवती बाहेरून आत गुंडाळावे." मिलमध्ये ते लावलं आणि मुली भुशात लोळून हसल्या. "मॅडम, सर बातम्या सांगून रायले!" तूही हसलीस. मग म्हणालीस, "हेमराज, घरी बोलतं तसं बोल."

घरी मी कोणाशीच बोलत नव्हतो. पण आई कशी बोलायची ते आठवलं आणि तसं बोललो. "उजवा पाय कपड्याच्या भायेरून घे, बाई. आता बोटानं पकड. घाई नोको करू. श्वास घे." आणि मुलींचे पाय खरोखर तसे हलू लागले. मी मिलच्या जुन्या वजनकाट्यावर बसून पाहत होतो. माझ्या आईचं बोलणं मोबाइलमधून निघत होतं आणि त्या बोलण्यावर वर एक मुलगी हळूहळू उलटी होत होती.

मुली त्याला 'आवाज' म्हणायच्या. "सर, नवा आवाज आणला का?" असं दुपारीच शाळेत विचारायच्या. कोणाला तरी माझ्या आवाजाची वाट पाहावीशी वाटते, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. ते तू मला दिलंस. आणि त्याचीच मला नशा चढली, हेही खरं.

आपलं सगळ्यात मोठं भांडण पहिल्या धड्यावरून होतं. तू म्हणायचीस, पहिला धडा उतरायचा. जिला उतरता येत नाही तिने चढायचंच नाही. मी म्हणायचो, उतरायला शिकायला कोण येणार? आधी काहीतरी सुंदर दाखव, मुली टिकतील.

"तू कवितेचा मास्तर आहे. तुले सुंदर पायजे. मले पोट्टी साबूत पायजे."

"अगं, पण त्या व्हिडिओतल्या बाईसुद्धा आधी..."

"त्या बाईच्या खाली हातभर जाड गादी आहे. आपल्या खाली भुसा आहे. तिचं तिले, आपलं आपल्याले."

तुला त्या आवाजांचा एक पूर्ण संच करायचा होता. ज्या गावात शिकवायला कोणी नाही, तिथल्या मुलीनेही पहिल्यापासून ऐकत जावं, कपडा कुठला घ्यावा, गाठ कशी मारावी, पोती किती दिवस टांगावी, उतरावं कसं, मग चढावं कसं. "मी नसली तरी पोट्टीले जमलं पायजे," म्हणायचीस. मला ती तुझी बोलायची रीत वाटायची.

दुसरं भांडण माझ्या न चढण्यावरून. तू म्हणायचीस, आवाज भरण्याआधी एकदा स्वतः करून बघ, गुडघ्याएवढ्या उंचीवर गाठ बांधून.

"माझं पोट पाहिलंस का?"

"पोट कपड्याले चालते. तुलेच चालत नाई."

मी काही केलं नाही. मग तूच नियम केलास. नवा आवाज आधी तुझ्याकडे द्यायचा. तू जमिनीलगत स्वतः करून पाहणार, मग मुलींना देणार. कितीतरी वेळा तू त्यातल्या गोष्टी बदलायला लावल्यास. एकदा म्हणालीस, "इथं श्वास घ्यायले सांगितलं, पण पोटाभोवती कपडा आवळला आहे. श्वास कुठून घेईन ती?" मी खुर्चीत बसून भरलेला श्वास होता तो. मला कसं कळणार?

पायल आपल्यातली सगळ्यात चपळ. दहावीला होती. तिचे बाबा गणेशभाऊ, चौकात पानठेला चालवायचे. शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं आणि तिला कमरेचा वेढा घालून हात सोडायचे होते, टीव्हीवरच्या मुलीसारखे. ती मला जिन्यात गाठून म्हणाली, "सर, कमरेच्या वेढ्याचा आवाज मले द्या ना. मॅडमले सरप्राइज देऊ."

मी नाही म्हणायला हवं होतं. मला वाटलं, तूही खूश होशील. त्याहून जास्त मला वाटलं, पायलने माझ्याकडे मागितला, तुझ्याकडे नाही.

त्या संध्याकाळी कॅफेत व्हिडिओ लावला. त्यातली बाई आपल्याकडे तोंड करून उभी. ती 'उजवा' म्हणायची तेव्हा पडद्यावर पाय आपल्या डाव्या हाताला उचलला जायचा. मी नेहमी कानावर विश्वास ठेवायचो, ती म्हणेल ते सांगायचो. पण त्या दिवशी अर्ध्यातच हेडफोन बंद पडला. कॅफेवाला म्हणाला, "सर, दूसरा नहीं है, कल आ जाओ." उद्या जायला हवं होतं. मी उरलेलं नुसतं बघून उतरवलं. वेढ्याचा पहिला अर्धा कानाने घेतला, दुसरा डोळ्याने. कपडा उजव्या कमरेवरून घ्यायला सांगितला तो बरोबर. पुढे अडकवायचा पायही उजवाच होता, पण मला पडद्यावर दिसला डावा, आणि मी डावा सांगितला. असा वेढा हातात कपडा धरलेला असेपर्यंत घट्ट वाटतो. हात सोडले की उलगडतो. गुडघ्याएवढ्या उंचीवर तुला ते लगेच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि पायल मिलमध्ये आधी पोचलो. तू खेळाच्या सामानाची खोली बंद करून बाकीच्या मुलींना घेऊन मागून येणार होतीस. पायल चढली. फार उंच नाही, माझ्या डोक्याच्या जराशी वर. तिच्या मोबाइलमधून मी सांगत होतो, आणि मीच वजनकाट्यावर बसून ऐकत होतो. तिने कपडा कमरेवरून घेतला, डावा पाय अडकवला. मी म्हणालो, म्हणजे मोबाइल म्हणाला, "आता दोन्ही हात सोड. भिऊ नोको. काई होत नाई."

तिने सोडले.

ती पोत्यांच्या कडेवर आदळली आणि तिचा हात सिमेंटवर गेला. ती ओरडत होती आणि मोबाइल पुढे बोलतच होता, "शाब्बास. आता मान मांगं टाक." वंदना, तो 'शाब्बास' मला अजून ऐकू येतो. वर्गात मुलांना शाब्बास म्हणायचं मी तेव्हापासून सोडलं.

तू धावत आलीस. ओढणीने तिचा हात बांधलास, चौकीदाराला ऑटो आणायला पिटाळलंस, सगळं एका दमात. त्या गोंधळात मी तिचा मोबाइल उचलून खिशात घातला. दवाखान्याच्या व्हरांड्यात, तू आत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस तेव्हा, मी तो आवाज पुसला. माझ्या मोबाइलमधला पुसला आणि तिच्या मोबाइलमधलाही. मग आत येऊन विचारलं, "पाणी आणू का?"

शाळेच्या हॉलमध्ये पालक जमले. गणेशभाऊ उठून उभे राहिले. "पोट्टीले माकड बनवलं या बाईनं! हातचा कोपर गेला तिचा! कोणं शिकवलं इले हे?" आणखी कोणीतरी मागून तुमच्या समाजावर काही बोललं. ते मी इथे लिहीत नाही, पण मी ते ऐकलं होतं, आणि ऐकू न आल्यासारखा खिडकीबाहेर बघत राहिलो. तू उभी राहिलीस. "पोट्टी माझ्या वर्गात होती. माझी चूक आहे." मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "हेमराज सर, तुम्ही तिथे जात होता ना? तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "मी फक्त इंग्रजीचं पाहत होतो."

तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मीटिंग संपल्यावर व्हरांड्यात आलीस आणि म्हणालीस, "चाल, चहा पिऊ." आपण टपरीवर उभ्याने चहा प्यायलो. तू काही विचारलं नाहीस. मला वाटलं, हिला काही कळलेलं नाही. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मला त्या चुकीपेक्षा जास्त छळतं.

शेठनी मिलला कुलूप घातलं. शाळेने तुझं कंत्राट पुढे वाढवलं नाही. तू इटियाडोह धरणाच्या बाजूला एका आश्रमशाळेत गेलीस. तिथून रविवारी फोन करायचीस.

"पुढचा आवाज कवा देतं?"

"तिथे कपडा कुठे आहे?"

"कपडा आणला मी. वडाचं झाड आहे, चांगलं मोठं. पोट्ट्या आहेत. फक्त तू नाई."

"पेपर तपासायचे आहेत गं."

पुढच्या रविवारी परत तेच. कधी परीक्षा, कधी घसा, कधी निवडणुकीची ड्यूटी. खरं म्हणजे मी तोंडासमोर मोबाइल धरायचो आणि तसाच खाली ठेवायचो. 'उजवा' म्हणायची हिंमत होत नव्हती. एवढं तुला सांगितलं असतं तरी चाललं असतं. तुला वाटलं असेल, नोकरी गेलेल्या बाईशी आता याला संबंध नको. हळूहळू तू विचारणं सोडलंस. रविवारचा फोन महिन्याने येऊ लागला. मी रेडिओ लावून बसायचो.

एकदा मी भेटायला आलो तेव्हा तू मला धरणाच्या पाळीवर घेऊन गेलीस. कालव्याला पाणी सोडलं होतं, खाली धानाची रोवणी चाललेली. तू पाळीवर बसलीस. मग पाण्याकडे पाहतच म्हणालीस, "त्या दिवशी पायलच्या मोबाइलमध्ये गानं वाजत नव्हतं, एवढं मले मालूम आहे."

मग तू माझ्याकडे वळलीस. थांबलीस. माझ्यासाठी थांबलीस. एवढं सोपं करून कोणी कोणाला देत नाही, वंदना.

मी घड्याळ पाहिलं. "चल, बसची वेळ झाली," म्हणालो.

"हो, जा बाप्पा," तू म्हणालीस. "चुकली तं दुसरी नाई."

पुढे तुझ्या आजारपणात नागपूरच्या दवाखान्यात तुला पाहिलं तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता, पण जीभ तीच होती. "असा काऊन पाहून रायला? मेली नाई अजून. मेली तं सांगीन तुले." तुझ्या आई, मी मावशी म्हणतो त्या, औषध आणायला खाली गेल्या. खोलीत आपण दोघंच. मी संत्रं सोलायला घेतलं. फोडींवरची एकेक शीर काढत बसलो. एवढ्या सावकाश कोणी संत्रं सोललं नसेल. सोलून झालं आणि मावशी वर आल्या. तू एक फोड खाल्लीस, बाकी मला खायला लावलीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पायल आली होती. टायपिंगचं काम करते ती आता. कोपर पूर्ण सरळ होत नाही. तिने फुलं वाहिली तेव्हा तो हात तुझ्या फोटोपर्यंत जेमतेम पोचला. मी मागच्या रांगेत होतो. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते आणि त्यातच एकजण हळूच म्हणाला, "बाई चांगली होती, फक्त ते पोट्टीचं एक प्रकरण झालं." तू गेलीस, ते प्रकरण नाही गेलं. ते तुझ्या नावाला चिकटून राहणार होतं, आणि ते सोडवू शकणारा माणूस मागच्या रांगेत बसला होता.

म्हणून काल सकाळी गणेशभाऊंच्या घरी गेलो. ते अंगणात पानाची गड्डी सोडून पानं पुसत होते.

"या सर. सकाळी सकाळी काऊन येणं केलं? बसा."

"बसत नाही भाऊ. आधी ऐका." आणि उभ्याउभ्याच सांगितलं. हेडफोन, डावा पाय, मोबाइल, व्हरांडा, सगळं. त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"सर, तुमी काय बोलून रायले तुमाले समजते का?"

"समजते."

"मी त्या बाईले ठेल्यावर चार लोकांत काय काय बोललो! तिचं नाव घेऊन बोललो. ती समोरून जायची तरी बोललो. अन तुमी रोज माझ्याच ठेल्यावरून पान नेत होते."

नेत होतो.

पायल आतून दारात आली. "सर, राहू द्या ना. आता कायले?"

"तुला आठवतं, पायल?"

"तुमचा आवाज होता सर. कानात हायच तो. कसा विसरन?" मग ती बाबांकडे न पाहता म्हणाली, "मॅडमनं दवाखान्यातच इचारलं होतं. मी सांगितलं सारं. त्या म्हणाल्या, सरचं नाव कोणाजवळ घेऊ नोको. नाव घेतलं तं तो भिऊन जाईन. आवाज देनं बंद करन. मंग बाकीच्या पोट्ट्या कशा शिकतीन?"

म्हणजे त्या संध्याकाळपासूनच तुला माहीत होतं. मी व्हरांड्यात आवाज पुसत होतो तेव्हा तू आत माझं नाव पुसत होतीस. हॉलमध्ये उभी राहिलीस ती माझ्यासाठी नाही, मी हे समजून आहे. कुठल्या तरी गावातल्या, अजून कपडाही न पाहिलेल्या मुलीसाठी तू उभी राहिलीस. तिच्यासाठी माझा आवाज चालू राहावा म्हणून तू आपलं नाव दिलंस. आणि मी तो आवाज तरीही बंद केला. दर रविवारी तू फोनवर तेच मागत होतीस आणि मी पेपर तपासत होतो.

मी पायलपुढे हात जोडले. गणेशभाऊ एकदम उठले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आमाले हात जोडून काय होते? तिच्या मायजवळ चाला. मीई येतो. मलेई तिथं बोलायचं आहे."

त्यांच्याच मोटरसायकलवर मागे बसून कामठ्याला आलो. मावशी ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. आम्ही दोघांनी जयभीम केला. गणेशभाऊंना पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, मग मला म्हणाल्या, "ये बापू. जेवला का?" मी त्यांच्यासमोर खाली बसलो. गणेशभाऊ मागे उभे राहिले.

"मावशी," मी म्हणालो, "गणेशभाऊच्या पोरीले पडायचं मी शिकवलं. वंदनाले न दाखवता, चुकीचं सांगितलं. वंदनानं ते आपल्यावर घेतलं अन मी तिथंच बसून होतो, पण बोललो नाई. तिची नोकरी गेली तरी बोललो नाई. दवाखान्यात तिच्याजवळ बसलो तरी बोललो नाई. माफी तिची मागायची होती, ते आता होत नाई. म्हणून तुमची मागतो. तुमच्या पोरीची काई चूक नव्हती, मावशी. मले माफ करा."